एसेन महापालिकेचे होमानसाहेब

आमचे बाबा महापालिकेत ज्युनिअर इंजिनिअर. पाणीपुरवठा विभाग. घरी आले तरी मेजरमेंट बुक आणि ठेकेदारांची बिलं डोक्यातून जात नाहीत. महापालिकेतला इंजिनिअर म्हणजे खड्डे, पाइप आणि फायली, खरं इंजिनिअरिंग चालतं ते इस्रोत, असं माझं लहानपणापासूनचं ठाम मत. लास्ट इयरला एका जर्मन माणसाने ते मोडीत काढलं.

झालं असं की, हॅम रेडिओच्या नादाला लागलेले आम्ही चौघं. सीओईपीच्या पोरांनी बनवलेला एक किलोचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्हीतून वर गेला, तेव्हा आम्ही शाळेत होतो. तेव्हापासूनचं हे खूळ. पण स्वयम् काय किंवा इस्रोने ५ मे २००५ रोजी सोडलेला ‘हॅमसॅट’ काय, दोघेही पाच-सहाशे किलोमीटरवरचे. असा उपग्रह दहा-बारा मिनिटं डोक्यावर असतो. अँटेना फिरवून समोरच्याला नमस्कार करेपर्यंत तो क्षितिजाखाली! म्हणून आम्ही सेमिनारला विषय घेतला, हौशी लोकांचा उपग्रह उंच कक्षेत न्यायचा, जिथून तो तासन् तास दिसेल. गाइडसरांनी एकच विचारलं, इंधन किती लागेल? आम्ही चिडीचूप. ते उत्तर शोधताना वॉल्टर होमान भेटले. (आम्ही सगळे व्हायवापर्यंत ‘होहमन’च म्हणत होतो.)

होमान जन्मले १८ मार्च १८८० रोजी, जर्मनीतल्या हार्डहाइम गावात. वडील डॉक्टर. लहानपणची काही वर्षं गेली थेट दक्षिण आफ्रिकेत, पोर्ट एलिझाबेथला. मग म्युनिकला सिव्हिल इंजिनिअरिंग, १९०४ मध्ये डिग्री, आणि पुढे व्हिएन्ना, बर्लिन, हॅनोव्हर, ब्रेस्लाऊ अशा ठिकठिकाणी नोकऱ्या. १९१२ च्या सुमारास ते एसेनला महापालिकेच्या बांधकाम खात्यात लागले आणि तिथेच राहिले. एसेन म्हणजे कोळसा, पोलाद आणि क्रुपचे कारखाने. आपल्या पिंपरी-चिंचवडसारखंच शिफ्टच्या भोंग्यावर उठणारं-झोपणारं गाव. डॉक्टरेटही केली ती काँक्रीटवर. रॉकेटशी नोकरीचा काडीचा संबंध नाही.

पण दिवसा काँक्रीट आणि रात्री ग्रह, असा या माणसाचा दिनक्रम झाला. कॅल्क्युलेटर नाही, कॉम्प्युटर तर नाहीच. पृथ्वीवरून मंगळावर जायचं तर सर्वांत कमी इंधनात कोणत्या वाटेने, हे ते कागदावर सोडवत बसले. १९२५ मध्ये त्यांचं छोटंसं पुस्तक निघालं, आकाशस्थ गोलांपर्यंत पोचणं शक्य आहे का या विषयावर. परत येताना हवेच्या घर्षणाचाच ब्रेक कसा वापरायचा, तेही त्यात आहे. त्या वेळी द्रव इंधनाचं एकही रॉकेट आकाशात उडालेलं नव्हतं, हे लक्षात घ्या.

मूळ कल्पना आपल्याला बारावीच्या फिजिक्सवर कळते. खालच्या गोल कक्षेत असताना एक धक्का द्यायचा, कक्षा लांबट होते आणि तिचं वरचं टोक हव्या त्या उंचीला टेकतं. तिथे पोचलं की दुसरा धक्का. हा दुसरा धक्का दिला नाही, तर यान गुमान परत खाली येतं. आम्ही ३०० किलोमीटरवरून भूस्थिर कक्षेसाठी आकडे घातले. पहिला धक्का सेकंदाला सुमारे २.४ किलोमीटरचा, दुसरा सुमारे १.५ चा. मधला प्रवास सव्वापाच तासांचा, इंजिन बंद ठेवून.

आता हॅमवाल्यांची अडचण बघा. चाकणच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे पार्ट लोड असतं ना, तसा त्यांचा उपग्रह दुसऱ्याच्या गाडीत उरलेल्या जागेत बसतो. गाडी जाणार मोठ्या मालाच्या पत्त्यावर. आपल्याला माथेरानला जायचंय आणि ट्रक न्हावाशेवाचा, तर वाटेत उतरायचं आणि पुढचा चढ आपला आपण चढायचा. म्हणजे दुसरा धक्का स्वतःच्या खिशातून. युरोपच्या एरियान रॉकेटने सोडलेल्या ठिकाणी कक्षेचं खालचं टोक जेमतेम दोनशे किलोमीटरवर असे. ते वर उचललं नाही तर तिथली विरळ हवाच उपग्रहाला हळूहळू खाली ओढणार.

हौशी मंडळींचा पहिला असा उपग्रह, फेज थ्री-ए, २३ मे १९८० रोजी एरियानसकट अटलांटिकमध्ये बुडाला. (एरियानच्या त्यापुढच्या उड्डाणात, १९ जून १९८१ रोजी, आपला बैलगाडीवरच्या फोटोवाला ‘ॲपल’ गेला. त्याने दुसरा धक्का दिला तो एसएलव्ही-३ च्या चौथ्या टप्प्यापासून बनवलेल्या मोटरने.) १९८३ च्या ऑस्कर-१० ला सुटल्यावर रॉकेटचा टप्पाच मागून येऊन धडकला. त्याची मोटर एकदा पेटली, दुसऱ्यांदा पेटलीच नाही, आणि तो भलत्याच कक्षेत अडकला. १९८८ चा ऑस्कर-१३ नीट पोचला, पण सूर्य-चंद्राच्या ओढीने त्याचं खालचं टोक उतरत गेलं आणि डिसेंबर १९९६ मध्ये तो हवेत जळाला. नोव्हेंबर २००० मधला ऑस्कर-४० तर सहाशे किलोंचा, वर्षानुवर्षांच्या वर्गणीतून आणि फुकटच्या श्रमांतून उभा राहिलेला. महिन्याभरात त्याच्या मोटरच्या यंत्रणेतच स्फोट झाला. लंगडत लंगडत २००४ पर्यंत चालला. हे वाचताना आमच्या ग्रुपमध्ये कोणी बोलेना.

होमान यांनी यातलं काहीच पाहिलं नाही. १९२७ मध्ये जर्मनीत अंतराळप्रवासाची संस्था निघाली, तिचे ते सभासद झाले. पण पुढे रॉकेट लष्कराच्या हातात गेलं आणि ते या विषयातून जवळजवळ बाजूला झाले. व्ही-२ लंडनवर पडत होती, तेव्हा होमान एसेनमध्येच होते आणि एसेनवर बॉम्ब पडत होते. ११ मार्च १९४५ रोजी हजाराहून जास्त विमानं शहरावर आली. त्याच दिवशी तिथल्या हॉस्पिटलात ते गेले. पासष्टी आठवड्यावर होती. पहिला उपग्रह उडायला अजून बारा वर्षं होती. आज चंद्राच्या पलीकडच्या बाजूला एका विवराला त्यांचं नाव आहे.

सेमिनारचं उत्तर आलं ते असं: हायड्रझिनसारखं साधं इंधन धरलं, तर दुसऱ्या धक्क्यालाच उपग्रहाचं निम्मं वजन इंधनात जातं. शिवाय मोठ्या उपग्रहाच्या मालकाला शेजारी दाबाखालचं इंधन घेऊन बसलेला फुकट्या पाहुणा नको असतो. २०१८ मध्ये हॅमवाल्यांनी वेगळीच वाट धरली. स्वतःचा उपग्रह न पाठवता कतारच्या भूस्थिर ‘एस्हेल-२’ वरच आपला ट्रान्सपाँडर बसवून घेतला. तो आपल्याकडून पश्चिमेला, क्षितिजापासून सुमारे ३२ अंशांवर येतो. आमची डिश गच्चीवर त्याच्याकडे तोंड करून आहे.

निम्मं वजन इंधनाचं, हे ऐकून बाबांना काही विशेष वाटलं नाही. रावेतच्या बंधाऱ्यातून निगडीपर्यंत पाणी चढवायचं विजेचं बिल त्यांना माहीत आहे. त्यांनी एवढंच विचारलं, होमान हे सगळं ऑफिसात बसून करायचे की घरी. घरी, मी म्हणालो. बाबांनी मेजरमेंट बुक मिटलं आणि लंबवर्तुळाची आकृती पुन्हा एकदा काढून दाखवायला सांगितली.