तानाजी मालुसरे आणि त्याचा भाऊ

कपिलधारच्या सहलीत शेवाळावरून पाय सटकला, गुडघा फुटला, की आपण आधी कोणाला हाक मारतो? बरोबर भाऊ असला तर भावाला. तोही हातातला डबा टाकून पळत येतो. पण भाऊ पडलेला दिसतो आहे आणि त्याच्यापाशी थांबता येत नाही, अशी वेळ एका माणसावर डोंगराच्या माथ्यावर आली होती. त्याचं नाव सूर्याजी. पडलेला भाऊ म्हणजे शूर तानाजी मालुसरे.

तानाजी हा शिवाजी महाराजांच्या मावळ्यांचा सरदार. रायगड जिल्ह्यात पोलादपूरजवळ उमरठ नावाचे गाव आहे, ते तानाजीचे गाव म्हणून ओळखले जाते. १६६१ साली महाराजांनी त्याला कोकणात संगमेश्वरला ठेवले होते. तिथे शृंगारपूरच्या सुर्व्यांच्या फौजेने रात्री एकाएकी हल्ला केला. तानाजीच्या जोडीचा सरदार पिलाजी नीळकंठ घाबरून पळू लागला. तानाजीने काय करावे? त्याने पिलाजीला धरले आणि दोराने चक्क दगडाला बांधून टाकले! मग आपण लढला आणि शत्रूला हुसकावून लावले. ही हकीकत कवी परमानंदाच्या शिवभारतात आहे. आपल्या बाजारात दाव्याला बांधलेली गुरं रोज दिसतात, पण बांधलेला सरदार कोणी पाहिला नसेल.

हा दोर लक्षात ठेवा. पुढे पुन्हा येणार आहे.

१६६५ साली पुरंदरचा तह झाला आणि महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यात पुण्याजवळचा कोंढाणा होता. पाच वर्षांनी महाराजांनी किल्ले परत घ्यायला सुरुवात केली, तेव्हा कोंढाण्याचे काम तानाजीने मागून घेतले. घरात मुलाचे, रायबाचे, लग्न होते. ते त्याने बाजूला ठेवले, असे पोवाड्यात सांगतात.

४ फेब्रुवारी १६७०. तिथी माघ वद्य नवमी. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, तोवर गुडुप अंधार. गडाला दरवाजे होते, पण तिथे पहारा. म्हणून तानाजीने उभा कडा निवडला. कड्यावर कोण कशाला येतो, असे पहारेकऱ्यांना वाटणारच. आधी दोन चपळ मावळे वानरासारखे वर गेले. त्यांनी वरून दोराची शिडी सोडली. मग तानाजी व त्याचे लोक, मिळून ३०० माणूस एकामागून एक वर चढले. घोरपडीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती ऐकायला फार छान आहे, पण सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. ही बखर १६९७ च्या सुमारास लिहिलेली, म्हणजे लढाईनंतर फार वर्षे झाली नव्हती. माझा भरवसा माणसांच्या हातापायांवर जास्त आहे.

गडावर उदेभान नावाचा रजपूत किल्लेदार होता. त्याला चाहूल लागली आणि तुंबळ लढाई जुंपली. शेवटी तानाजी आणि उदेभान समोरासमोर आले. तानाजीच्या डाव्या हातातली ढाल तुटली. दुसरी वेळेवर मिळाली नाही. तेव्हा त्याने डाव्या हातालाच ढाल केले. उघड्या हातावर तलवारीचे घाव झेलायचे म्हणजे काय होत असेल! तरी तो मागे सरला नाही. दोघेही एकमेकांच्या वारांनी पडले.

सरदार पडला म्हटल्यावर मावळ्यांचा धीर सुटला. सूर्याजी तिथेच होता. भावाचे डोके मांडीवर घेऊन बसावे, असे त्याला वाटले नसेल का? आपल्याला तरी वाटलं असतं. पण लोक कड्याकडे पळत होते. चिंचेच्या झाडावर चढलेल्या मुलांना ठाऊक आहे की चढण्यापेक्षा उतरणं अवघड. अंधारात, घाबरलेली एवढी माणसे एका दोरावर लोंबकळली असती तर शत्रूने मारायच्या आधी ती कड्यानेच मारली असती.

सूर्याजीने लोकांना अडवले, गोळा केले आणि परत फिरवले. परतीचे दोर कापून टाकले आहेत असे त्याने सांगितले, ही गोष्ट नंतरच्या लेखकांनी लिहिली आहे. सभासद एवढेच लिहितो की त्याने हिंमत धरून सारे लोक सावरले. दोराची गोष्ट खरी असेल तर गंमत पाहा. थोरल्याने एका पळणाऱ्याला दोराने बांधून थांबवले होते, धाकट्याने शेकडो पळणाऱ्यांना दोर तोडून थांबवले.

गड हाती आला. मावळ्यांनी पागेची घरे पेटवली. तो जाळ राजगडावरून महाराजांनी पाहिला व गड सर झाल्याचे ओळखले. तानाजी गेल्याचे कळले तेव्हा त्यांना फार दुःख झाले. तानाजीची सुभेदारी त्यांनी सूर्याजीला दिली.

आज आपण या गडाला सिंहगड म्हणतो. ते नाव तानाजीवरून पडले असे पुष्कळ जण सांगतात, पण लढाईच्या आधीच्या कागदातही ते सापडते. गडावर तानाजीची समाधी आहे. उमरठलाही आहे. तानाजीचा देह सह्याद्री उतरून गावी नेला, त्या वाटेला मढे घाट नाव पडले, असे तिकडचे लोक सांगतात. त्या घाटात मोठा धबधबा आहे आणि पावसाळ्यात तिथे सहली जातात.