भुंगे किती होते?

बँकेत पस्तीस वर्षे व्याजाचे हिशेब केले, पण मुलीच्या दहावीच्या वहीतले एक वर्गसमीकरण काही मला सुटले नाही. राग स्वतःचाच होता. हात मात्र तिच्या पाठीवर पडला. पुढे तिने गणितच सोडले. परवा तिचीच मुलगी सुट्टीत भडगावला आली, तसेच उदाहरण घेऊन. या खेपेस मला भास्कराचार्य आठवले.

ते तसे आमचे शेजारीच. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे गावच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची हकिगत कोरलेली आहे. जन्म १११४ चा. वडील महेश्वर हेच गुरू. छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पुरा केला. ग्रहांचे गहन गणित मांडणाऱ्या या माणसाने त्याचा पहिला भाग, लीलावती, अंकगणित शिकणाऱ्यांसाठी लिहिला. एकोणसत्तराव्या वर्षीही ग्रहांची आकडेमोड सोपी करणारे करणकुतूहल लिहिले.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून मला लीलावतीतल्या गोष्टी मोहवतात. खांबावरचा मोर बिळाकडे निघालेल्या सापावर झेपावतो आणि काटकोन त्रिकोण शिकवून जातो. लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडून तिचा मुहूर्त टळला, ही कथा फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरात येते. मूळ ग्रंथात आचार्य उदाहरण विचारताना तिला लाडाने हाक मारतात. ती हाक वाचताना मला माझा हात आठवतो.

नातीला मी भुंग्यांचे उदाहरण घातले. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ काढावे, तेवढे भुंगे मालतीवर गेले. पाठोपाठ थव्याचे आठ नवमांश गेले. उरला एक कमळात अडकलेला आणि बाहेर गुणगुणणारी त्याची भुंगी. थवा केवढा? तिने निम्म्या थव्याला क्षचा वर्ग मानले. क्ष आला सहा. थवा बहात्तरांचा!

आचार्यांचा नातू चांगदेव (तापीकाठचा योगी नव्हे) यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने पाटण्यास मठ काढला. १२०७ च्या त्या लेखात दर घाण्यामागे पळीभर तेल मठाला लावून दिले आहे. कर्जाची तारणे तपासण्यात हयात गेलेल्या मला ही तरतूद फार मोलाची वाटते. रात्री उदाहरणे सोडवणाऱ्या कुणाच्या तरी दिव्यात ते तेल जळले असेल.

रात्री नातीने आईला फोन लावून भुंगे मोजायला सांगितले. पलीकडे बराच वेळ कागदाची खसखस. मग उत्तर आले, बरोबर आले, आणि मुलीने फोन आबांना द्यायला सांगितला.