खराटा धरलेले बाबा



दिंडीच्या शतक महोत्सवाची बैठक वर्तकनगरात आमच्याच इमारतीच्या गच्चीवर झाली. स्मरणिकेसाठी एकेका संताचं चरित्र वाटून घ्यायचं ठरलं. ज्ञानोबा, तुकोबा, नामदेवराय, नाथमहाराज ही नावं चहा येण्याआधीच संपली. माझ्या पुढ्यात गाडगेबाबा आले. एका म्हाताऱ्या विणेकऱ्यांनी शंका काढली की ते समाजसुधारक, त्यांचं चरित्र वारकऱ्यांच्या पुस्तकात कशाला? बुवांचा मान ठेवून सांगतो, ज्या माणसाने तुकोबारायांना गुरुस्थानी मानलं, त्यांच्याच अभंगांवर उभा जन्म कीर्तनं केली आणि आषाढी-कार्तिकीला पंढरपूर जवळ केलं, तो आपला नाही तर कोणाचा? शिवाय आपली दिंडी निघाली त्या काळात बाबा पंढरीच्या वाळवंटात खराटा घेऊन हिंडत होते. आपल्या पहिल्या माळकऱ्यांच्या पायाखालची वाळू कदाचित त्यांनीच झाडली असेल. पुरावा नाही, पण मनाला बरं वाटतं.

बाबांचं मूळ नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यात शेंडगाव. जात परटाची, घर बेताचं. वडील झिंगराजी. त्यांची कथा आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथून निघतं.

झिंगराजी काही वाईट माणूस नव्हता. पण त्यांच्यात बारसं असो, नवस असो की कोणाचं तेरावं, बोकड कापायचा आणि दारू पाजायची अशी रीत. नाही म्हणालं तर भाऊबंद नाव ठेवणार. आधी चारचौघांचं मन मोडू नये म्हणून घेतली, मग रीत म्हणून घेतली, मग ती सुटेचना. कर्ज झालं, जमीनजुमला गेला, अंगातला जीव गेला. १८८४ साली तो मेला तेव्हा देबू आठ वर्षांचा. कोणी जबरदस्तीने त्याच्या तोंडात दारू ओतली नव्हती. सगळे पितात म्हणून तोही पीत गेला, एवढंच.

आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी आली. मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे हे तिचं माहेर. तिथे देबू गुरं राखायला लागला. नांगर धरावा तर देबूने, पोहावं तर देबूने, रात्री भजनात गळा लावावा तर देबूने, अशी त्याची ख्याती झाली. शाळा मात्र नाही. मामा चंद्रभान यांनाही अक्षर येत नव्हतं. सावकाराने दाखवलेल्या कागदावर मामा अंगठा उमटवत गेले. कर्ज फिटलं असं त्यांना वाटत होतं, आणि एक दिवस कळलं की शेत सावकाराच्या नावावर आहे. मामांनी हाय खाल्ली आणि ते गेले. सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा देबूजी बांधावर उभा राहिला आणि हटला नाही.

बाप रीतीने गेला, मामा अंगठ्याने गेला. दोन्हीकडे गोष्ट एकच, आपण काय करतो आहोत ते विचारलंच नाही. पुढे पन्नास वर्षं कीर्तनात बाबा पोराला शाळेत घाला म्हणून हात जोडायचे, घरातलं ताट विका पण पोराला शिकवा, भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला लुगडं कमी किमतीचं घ्या, असं सांगायचे. ते पुस्तकातलं ज्ञान नव्हतं. मामाचा अंगठा त्यांच्या डोळ्यासमोर होता.

१८९२ साली देबूजींचं लग्न कुंताबाईंशी झालं. पहिली मुलगी झाली आणि बारशाची वेळ आली. आता आपल्यापैकी ज्यांनी घरात लग्नकार्य काढलंय त्यांना ठाऊक आहे, चार लोकांच्या रीतीविरुद्ध जाणं म्हणजे काय असतं. जातवाले जमले, सगळ्यांच्या मनात बोकड आणि बाटली. देबूजींनी पंगतीला गोडाचं जेवण वाढलं. दारूचा थेंब नाही, मटणाचा तुकडा नाही. बरीच कुरकुर झाली, जातीबाहेर टाकण्यापर्यंत गोष्ट गेली. देबूजी कोणाशी भांडले नाहीत आणि बदललेही नाहीत. मला विचाराल तर बाबांचं खरं कीर्तन त्या दिवशी सुरू झालं, तेही टाळ-मृदंगाशिवाय.

१ फेब्रुवारी १९०५. वयाचं एकोणतिसावं वर्ष चालू होतं. घरात आई, बायको, लेकरं. त्या रात्री देबूजी घराबाहेर पडले ते कायमचे. अंगावर चिंध्यांचा झगा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी आणि फुटकं गाडगं. ते गाडगं उपडं केलं की डोक्यावर टोपी, सुलटं केलं की जेवायला ताट. त्यावरून लोकांनी नाव ठेवलं गाडगेबाबा.

इथे जरा थांबतो. बायका-पोरांना टाकून जाणं चांगलं का, हा प्रश्न आमच्या बैठकीत एका ताईंनी विचारला. बरोबर विचारला. कुंताबाईंनी काय सोसलं ते कोणी लिहून ठेवलं नाही. बाबांनी पुढे लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभ्या केल्या, पण त्या पैशावर घरच्यांचा हक्क राहणार नाही असा कडक बंदोबस्त केला. घरचे गरिबीतच राहिले. कोणाला यात थोरपण दिसेल, कोणाला कठोरपण. मला दोन्ही दिसतं.

बारा वर्षं बाबा नुसते फिरले. या फिरण्यात त्यांनी स्वतःला एक शिस्त घालून घेतली. फुकट खायचं नाही. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, नाहीतर कोणाची लाकडं फोडून द्यायची, मग भाकरी मागायची. कोणी ओळखलं, पाया पडायला लागलं, की गाव सोडायचं. पाया पडणाऱ्याला प्रसंगी काठीही दाखवायचे. विदर्भात पूर्णेच्या काठी ऋणमोचनला पौषात जत्रा भरते. घसरड्या उतारावरून म्हातारी माणसं पाण्यात पडायची. वर्षानुवर्षं पडायची आणि वर्षानुवर्षं लोक हळहळायचे. बाबांनी फावडं घेतलं आणि माती-वाळू ओढून वाट करायला लागले. पाहता पाहता दुसऱ्यांनी घमेली उचलली. पुढे तिथे पक्का घाट झाला.

नंतरची कीर्तनं ऐकलेली माणसं आमच्या लहानपणी होती. त्यांनी सांगितलेलं थोडं लिहितो. दिवसभर एक चिंध्या पांघरलेला माणूस गावाची गटारं साफ करतोय, लोक त्याला वेडा समजून बाजूने जातायत. संध्याकाळी कीर्तनाला सगळं गाव जमतं आणि बघतात तर तोच वेडा पुढे उभा! आपण सकाळी कोणाला हटकलं हे आठवून माणसं खाली माना घालायची. निम्मं काम तिथेच व्हायचं.

कीर्तनात बाबा सांगत कमी, विचारत जास्त. देवाला नैवेद्य दाखवला आणि कुत्रं आलं तर त्याला हाकलतं कोण, देव की तुम्ही? समोरची हजार माणसं हसत उत्तर द्यायची, आम्ही. मग पुढचा प्रश्न. बोकड तुम्ही देवासाठी कापता की स्वतःसाठी? आता हसू कमी व्हायचं. बापाच्या तेराव्याला कर्ज काढलं, ते फेडणार कोण? एकदम शांतता. असं पायरी पायरीने ते माणसाला त्याच्याच दारात आणून सोडायचे. उत्तर त्यांचं नसायचं, ऐकणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने दिलेलं असायचं, म्हणून ते मोडणं अवघड जायचं. गो. नी. दांडेकर तरुणपणी बाबांच्या संगतीत राहिले, प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांचं चरित्र लिहिलं. त्यांच्या लेखणीतून हे वाचण्यासारखं आहे.

१९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही.

आता पंढरपूर. आपल्याला हा भाग जवळचा, म्हणून जास्त लिहितो. बाबा वारीच्या दिवसांत पंढरीत असायचे, पण देवळात दर्शनाच्या रांगेत कधी दिसायचे नाहीत. लाखो माणसं वाळवंटात उतरायची, सकाळी वाळवंटाची काय दशा होते ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. खोटं कशाला बोलू, त्या दशेत आपलाही वाटा आहे. बाबा पहाटेपासून खराटा घेऊन ती घाण काढायचे. अस्पृश्य म्हणवलेल्या वारकऱ्यांना तेव्हा देवळात प्रवेश नव्हता आणि राहायलाही कोणी जागा देत नव्हतं. चोखोबांची समाधी महाद्वाराशी आणि चोखोबांची माणसं पावसात उघड्यावर. बाबांनी वर्गणी जमवून त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. ती पुढे १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, तिथे मुलांनी शिकावं म्हणून. अशाच धर्मशाळा नाशिक, देहू, आळंदीला झाल्या. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ रोग्यांच्या नातेवाइकांना उतरायला जागा झाली. गावाकडून पेशंट घेऊन आलेला माणूस फुटपाथवर झोपतो हे रोज हजारो मुंबईकर बघत होते. बघायची सवय झाली होती. बाबांना झाली नाही.

मी स्वतः बावीस वर्षं वारी करतो. मागे एका मुक्कामावर नातवाने विचारलं, आबा, आपण जेवून उठलो तिथे पत्रावळ्या कोण उचलतं? मी म्हणालो, उचलतात गावातली माणसं. तो म्हणाला, का? मला उत्तर सुचलं नाही. बावीस वर्षांत हरिपाठाचा एक अभंग मी चुकवला नाही, आणि उठून मागे वळून एकदाही पाहिलं नव्हतं. टाळ हातात असतो, पाय पावलीवर पडतो आणि मन ठाण्याच्या घराच्या हप्त्यावर असतं, असंही पुष्कळदा झालंय. दिव्याच्या घाटात माउलींच्या पालखीमागे चालताना सासवड कधी आलं ते कळलं नाही, आणि मी ते लोकांना भक्ती म्हणून सांगितलं.

यावर कोणी म्हणेल, मग रोज तेच करणं वाईट का? वारी तर दरवर्षी तीच, वाट तीच, अभंग तेच. बाबांकडे बघितलं की याचा उलगडा होतो. त्यांच्या इतकं रोज तेच ते करणारा दुसरा कोण? पन्नास वर्षं एकच खराटा, एकच गाडगं. पण प्रत्येक गावात समोरची घाण नवी होती आणि ते तिच्याकडे बघत होते. नेम आणि सवय बाहेरून सारखीच दिसतात. नेम माणूस धरतो, सवय माणसाला धरते. झिंगराजीला सवयीने धरलं होतं. त्याच्या मुलाने खराटा आपण होऊन धरला.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात बाबांचं कीर्तन झालं. ते शेवटचं ठरलं. त्याचं ध्वनिमुद्रण झालं म्हणून बाबांचा आवाज आजही ऐकायला मिळतो. आमच्या वर्तकनगरला पोलिसांची वसाहत आहे. तिथल्या एका निवृत्त हवालदारांच्या घरी आम्ही दहा-बारा जणांनी ते मोबाइलवर लावून ऐकलं. आवाज खरखरीत, मध्येच गर्दीचं हसणं. प्रश्न आला की आम्हीही नकळत उत्तर देत होतो. हवालदारांची सून स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली होती, तिने सर्वांत मोठ्याने दिलं.

६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ला, अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडीतच बाबांनी देह ठेवला. अमरावतीला गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. मागे त्यांनी शिष्य ठेवला नाही, गादी ठेवली नाही.

शतक महोत्सवाचा खर्च कसा करायचा यावर बैठकीत दोन तास वाद झाला. मोठी कमान, बॅनर, दोन हजार पानांचं जेवण, त्यासाठी प्रत्येक घरामागे वर्गणी, ज्याला जमत नाही त्याने उसने घ्यावेत असंही कोणी बोलून गेलं. तेव्हा त्या विणेकरी बुवांनीच, ज्यांनी सुरुवातीला शंका काढली होती, हळूच विचारलं की दिंडीच्या नावावर कोणाच्या घरात कर्ज जाणार असेल तर ते आपल्याला चालेल का? कोणी बोललं नाही. कमान रद्द झाली. जेवण साधं ठरलं, डाळ-भात, पिठलं, भाकरी.

यंदाच्या सामानाची यादी माझ्याकडे आहे. तंबू, ताडपत्री, पाण्याची टाकी, दोन मृदंग, गॅसच्या शेगड्या. त्याखाली बुवांच्या सांगण्यावरून सहा खराटे आणि चार घमेली लिहिली आहेत. यादी वाचून दाखवताना मागून कोणीतरी विचारलं, खराटे धरणार कोण? त्यासमोर नावं लिहायची जागा ठेवली आहे. एक माझं आहे, एक नातवाचं. चार अजून रिकाम्या आहेत.