उघडें दार : पंडिता रमाबाई ह्यांचें नित्य शास्त्रवाचन

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगांव व औंढा ह्या तालुक्यांतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांविषयीं विचार करितांना एक गोष्ट वारंवार आमच्या मनांत येते. दिवेलागणीस घरधनी शास्त्र उघडून बसतो, मुलें भोंवतीं गोळा होतात, इतक्यांत पाहुणे येतात किंवा शेजारी डोकावतो, आणि पुस्तक हळूच फडक्यांत गुंडाळून फळीवर ठेविलें जातें. कोणी दार लोटून घेतो. कोणी म्हणतो, हळद शिजविण्याची घाई आहे, कापूस वेंचावयाचा आहे, हंगाम सरला म्हणजे वाचूं. ह्यांत कोणीं मोठें पाप केलें असें कोणासच वाटत नाहीं. परंतु सैतान आपल्या घरांत शिरतो तो बहुधा अशाच बारीक फटींतून शिरतो. तो प्रथम चोरी करावयास किंवा दारू प्यावयास सांगत नाहीं. तो प्रथम पुस्तक मिटावयास सांगतो. बाकीचें पुढें आपोआप होतें.

हा मोह केवळ आपल्यासारख्या खेड्यांतील गरिबांवरच येतो असें नाहीं. पंडिता रमाबाई ह्यांचें नांव आपणांपैकीं बहुतेकांनीं ऐकिलें आहे. त्यांच्यावर हाच मोह पुणें शहरांत, पुष्कळ मोठ्या रूपानें आला होता. त्यास त्यांनीं कसें तोंड दिलें हें आज आम्ही सांगणार आहों.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण होते. स्त्रियांनीं संस्कृत शिकूं नये असें त्या वेळचे लोक मानीत, तरी त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, तें शिकविलें. आणि आईनें तें रमाबाईंस शिकविलें. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं फिरत असे आणि देवळांत पुराणें वाचून जें मिळेल त्यावर राहत असे. लहानपणींच रमाबाईंस हजारों श्लोक मुखोद्गत झाले. पुढें दुष्काळ पडला, हातचें सर्व संपलें, आणि थोड्याच काळांत आईबाप व थोरली बहीण अन्नावांचून खंगून मरण पावलीं. मग रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास हीं दोघें उपाशीतापाशीं देशभर पायीं भटकलीं. १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील पंडितांनीं रमाबाईंची विद्या पाहून त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. त्या वेळीं त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या.

वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. ग्रंथ पाठ करणें म्हणजे काय हें रमाबाईंस आपणां सर्वांपेक्षां अधिक ठाऊक होतें. तरी पाठांतरानें मनास शांति आली नाहीं, हाही त्यांचाच अनुभव होता.

१८८० सालीं त्यांचा विवाह बिपिनबिहारी दास मेधावी नांवाच्या बंगाली वकिलांशीं झाला. आसामांत सिल्चर येथें असतांना पतीच्या पुस्तकांत त्यांस लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सांपडली. ती त्यांनीं वाचिली, आणि तिच्यांत त्यांचें मन गुंतलें. पतीस तें रुचलें नाहीं. ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं पटकीच्या आजारानें पतीचें निधन झालें, आणि कडेवर लहानशी मनोरमा घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. १८८३ सालीं त्या इंग्लंदास गेल्या. वैद्यकी शिकावी असा त्यांचा बेत होता, पण कानांनीं कमी ऐकूं येई म्हणून तो सोडावा लागला. त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

परंतु बाप्तिस्मा झाला म्हणजे सर्व झालें असें नाहीं. रमाबाईंनीं पुढें आपल्या साक्षीच्या पुस्तकांत मोकळ्या मनानें लिहून ठेविलें आहे कीं, ख्रिस्ती धर्म त्यांस आधीं मिळाला आणि ख्रिस्त कित्येक वर्षांनीं मिळाला. त्या शास्त्र वाचीत, त्यावर विचार करीत, मिशनऱ्यांशीं वादही करीत. कारण वडील माणसें सांगतात एवढ्यावरून कांहीं मानावें हें त्यांस मान्य नव्हतें, तें शास्त्रांत आहे कीं नाहीं हें आपल्या डोळ्यांनीं पाहण्याचा त्यांचा हट्ट असे. तरी बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांस उमगलें कीं, आपण पुस्तकाचा अभ्यास केला, पण पुस्तकांतील तारणाऱ्याच्या स्वाधीन झालों नाहीं. तेव्हांपासून त्यांचें वाचन निराळें झालें. पंडिता परीक्षकासारखी वाचीत होती; आतां भुकेलें माणूस भाकर खातें तशी ती वाचूं लागली.

ह्याच सुमारास मोठी परीक्षा आली. अमेरिकेंतील मित्रांच्या मदतीनें रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें होतें, आणि पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें होतें. उच्च जातींतील बालविधवांस तेथें आसरा व शिक्षण मिळे. सदनांत कोणासही ख्रिस्ती धर्म शिकवावयाचा नाहीं असा ठराव होता, आणि मुली आपापला आचार व सोंवळें पाळण्यास मोकळ्या होत्या. न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर अशीं थोर माणसें सल्लागार होतीं.

रमाबाई रोज आपल्या खोलींत आपल्या लेकीस घेऊन शास्त्र वाचीत व प्रार्थना करीत. खोलीचें दार उघडें असे. त्या कोणास बोलावीत नसत; तसेंच कोणी येऊन बसलें तर त्यास घालवूनही देत नसत. कांहीं मुली येऊं लागल्या. ज्या बाईनें आपल्यास आई होऊन संभाळलें, तिला एवढें बळ कोठून येतें हें पाहण्याची त्यांस इच्छा होणें साहजिक होतें.

शहरांत गवगवा झाला. केसरीनें कडक टीका केली. पालकांस भय वाटलें, आणि तें भय अगदींच निराधार होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. कोंवळ्या वयाच्या मुलींवर मुख्य बाईच्या वागण्याचा परिणाम न बोलतांही होतो, हें टीकाकारांचें म्हणणें खरें होतें. पुढें कित्येक मुलींनीं बाप्तिस्मा घेतला हेंही खरें आहे. ह्या वादांत विरुद्ध बाजूस उभे राहिलेले कित्येक गृहस्थ विधवांचे खरे कैवारी होते. त्यांची निंदा करून रमाबाईंची थोरवी वाढत नाहीं.

त्या काळीं रमाबाईंपुढें उभा राहिलेला मोह आपण नीट ओळखावा. शास्त्र टाकून दे असें त्यांस कोणी सांगत नव्हतें. मागणें फार लहान होतें. मुली येऊं नयेत अशा रीतीनें वाचावें, दार लावून घ्यावें, एवढेंच. दार लाविलें असतें तर पुष्कळ कांहीं वांचलें असतें : पुण्यांतील थोरांचा आश्रय, पालकांचा विश्वास, आणि सर्वांत मोठें म्हणजे त्या मुलींचें शिक्षण. ज्या मुली घरीं परत नेल्या जातील त्यांच्या वांट्यास पुनः तेंच दुःख येणार हें रमाबाईंस ठाऊक होतें. मोह नेहमीं वाईट गोष्टीचेंच रूप घेऊन येतो असें नाहीं. केव्हां केव्हां तो चांगल्या कामाचें रक्षण करण्याचें निमित्त करून येतो, आणि तोच फार कठीण.

रमाबाईंनीं दार लाविलें नाहीं. इतर मुलींस आपापल्या देवाची पूजा उघडपणें करण्याची मोकळीक जर ह्या घरांत आहे, तर घरच्या आईसही आपल्या देवाचें नांव उघडपणें घेण्याची मोकळीक असली पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें. १८९३ च्या ऑगस्टांत सल्लागार मंडळींनीं संबंध तोडला, आणि सुमारें पंचवीस मुली सदनांतून काढून नेण्यांत आल्या. एवढ्या मुली एकदम गेल्यावर त्या आईच्या मनाची काय अवस्था झाली असेल, हें ज्यांच्या घरांतून लेकरूं गेलें आहे त्यांनींच जाणावें. तरी पहांटेचें वाचन चुकलें नाहीं.

प्रभु येशूनें अरण्यांत सैतानास प्रत्येक वेळीं शास्त्रांतील वचनानेंच उत्तर दिलें. भुकेच्या वेळीं वचन शोधावयास त्याला जावें लागलें नाहीं. तें आधींच अंतःकरणांत होतें. रमाबाईंचेंही तसेंच झालें. परीक्षा आली त्या दिवशीं त्यांनीं वाचन आरंभिलें असतें तर त्या खचित डगमगल्या असत्या. विहीर तहान लागल्यावर खणीत नसतात.

पुढचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. पुण्याहून सुमारें पंधरा कोसांवर केडगांव येथें त्यांनीं जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि शेंकडों अनाथ मुली व बाया त्यांनीं घेऊन आणिल्या. स्वतःचे आईबाप दुष्काळांत गेले होते, म्हणून भुकेल्याचें तोंड त्यांस ओळखतां येत होतें. केडगांवचें मुक्ति सदन उभें राहिलें. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दीड हजारांच्या वर गेली. पंचवीस मुली गेल्या होत्या. त्यांच्या जागीं देवानें किती दिल्या तें मोजून पहा. तरी आम्ही असें म्हणत नाहीं कीं जो वचनास चिकटून राहतो त्यास ह्या लोकीं नेहमीं दामदुप्पट मिळतें. १८९३ सालीं रमाबाईंस पुढचें कांहींच दिसत नव्हतें, आणि तेव्हांच त्यांची निष्ठा पारखली गेली.

मुक्तींत रोजच्या दिवसाचा आरंभ प्रार्थनेनें व शास्त्रानें होई. अंध बायांसही बोटांनीं वाचण्यास शिकविण्यांत आलें. ती विद्या मनोरमाबाई अमेरिकेंत शिकून आल्या होत्या. ह्याच मनोरमाबाईंनीं पुढें गुलबर्ग्यास मुलींची शाळा चालविली. गुलबर्गें तेव्हां निजामच्या राज्यांत होतें, आणि आपला हिंगोलीचा मुलूखही त्याच राज्यांत होता.

आयुष्याचीं शेवटचीं अनेक वर्षें रमाबाईंनीं एकाच कामास वाहिलीं. साध्या खेडवळ बाईस समजेल अशा मराठींत सर्व शास्त्र उतरावें म्हणून त्या इब्री व हेल्लेणी भाषा शिकल्या. ज्या बाईस कलकत्त्याच्या पंडितांनीं सरस्वती म्हटलें, तिनें आपलें संस्कृत बाजूस ठेवून सोपे शब्द शोधीत बसावें, हाही एका मोहावर मिळविलेला जय आहे. विद्येचा अभिमान सोडणें धन सोडण्याहून कठीण असतें. खिळे जुळविण्याचें व छापण्याचें काम मुक्तींतील बायांनींच केलें. जुलै १९२१ त मनोरमाबाई वारल्या. एकुलती लेक गेली तरी आईनें लेखणी खालीं ठेविली नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई प्रभूजवळ गेल्या, आणि १९२४ सालीं तें संपूर्ण पवित्र शास्त्र छापून बाहेर पडलें.

येथें कोणी विचारील कीं, खोलींत जाऊन दार लावून प्रार्थना करावी असें प्रभूनेंच शिकविलें आहे ना? होय, शिकविलें आहे. पण तें दार लोकांनीं वाहवा करावी ह्या इच्छेवर लावावयाचें आहे. लोकांच्या भयानें लाविलेलें दार निराळें. बाबेलांत दानीएलास मना करण्यांत आलें, तेव्हां त्यानें खिडकी नवीन उघडली नाहीं, तशी बंदही केली नाहीं. जसें रोज करीत असे तसेंच त्यानें केलें. रमाबाईंनींही तेंच केलें. दिखाव्यासाठीं दार उघडूं नये, आणि भिऊन तें लावूंही नये, एवढाच त्यांच्या आचरणाचा अर्थ.

म्हणून आमच्या गांवोगांवच्या मंडळ्यांस व उपदेशकांस आमची विनंति ही. रोजचा एक वेळ ठरवावा. तो हंगामांतही मोडूं नये, मग दहाच ओंवी वाचल्या तरी चालतील. ज्यांस अक्षर येत नाहीं त्यांस शाळेंत जाणाऱ्या लेकरानें वाचून दाखवावें. पाहुणा आला तर पुस्तक गुंडाळूं नये. त्यास पाणी द्यावें, बसावयास घोंगडी द्यावी, आणि आपलें वाचन पुरें करावें. त्यावर बळजबरी करूं नये, वाद घालूं नये. उपदेशकांनीं तर विशेष जपावें. कारण रविवारीं दुसऱ्यांस वाढण्यासाठीं जो शास्त्र वाचतो आणि स्वतः सोमवारपासून शनिवारपर्यंत उपाशी राहतो, तो मोहाच्या दिवशीं सर्वांच्या आधीं पडतो.

आज दिवेलागणीस आपल्या घरीं शास्त्र उघडेल तेव्हां पुण्याच्या त्या खोलीची आठवण करा. आंत आई व लेक बसलेल्या, पुढें पुस्तक, आणि दार उघडें. प्रभु आपणां सर्वांस तसेंच वाचण्याची बुद्धि व धैर्य देवो.