मार्टिनस बायरिंक: सल्फेटवर श्वास घेणारा जिवाणू शोधणारा इंजिनीअर

साचलेल्या नाल्याजवळून जाताना सडक्या अंड्यासारखा वास कधी आलाय? तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. हा वायू बनवणारा जिवाणू पहिल्यांदा वेगळा काढला तो मार्टिनस बायरिंक यांनी.

त्यांचा जन्म 1851 चा, ॲमस्टरडॅमचा. वडिलांचा तंबाखूचा धंदा बुडाला, घरात पैशांची ओढाताण. तरी 1872 मध्ये डेल्फ्टला ते केमिकल इंजिनीअर झाले. आधी शिक्षकी केली, मग 1885 पासून डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यात दहा वर्षं संशोधन. 1895 मध्ये ते डेल्फ्टलाच प्राध्यापक झाले आणि त्याच वर्षी हा शोध प्रसिद्ध केला.

त्यांची युक्ती साधी होती. चिखलात हजारो जिवाणू असतात, त्यातला एक शोधायचा कसा? शोधत बसायचंच नाही. बाटलीत अशी परिस्थिती तयार करायची की हवा तोच वाढेल. हवा बंद, थोडं अन्न आणि भरपूर सल्फेट. आपण ऑक्सिजन वापरतो तसा हा जिवाणू सल्फेट वापरतो आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतो. जमिनीखालचे लोखंडी पाइप गंजण्यात, तेलाच्या विहिरी नासण्यात याच्या जातभाईंचा हात असतो.

बायरिंक स्वभावाने कडक. विद्यार्थ्यांना त्यांची धास्ती असायची. लग्न केलं नाही, लॅब हेच घर. 1898 मध्ये तंबाखूच्या रोगाचं कारण जिवाणूपेक्षा वेगळं आहे हे ओळखून त्यांनी त्याला ‘व्हायरस’ म्हटलं. 1921 मध्ये, सत्तरीत, लॅब सोडावी लागली. गोर्सेल गावात बहिणींसोबत राहून 1 जानेवारी 1931 रोजी ते गेले.

पण एक प्रश्न त्यांच्या हाताबाहेरचा होता. जिवाणू काय करतो हे बाटली सांगते, पण आत कोणता जीन कोणतं काम करतो हे सांगत नाही. तेव्हा डीएनए वाचताच येत नव्हता.

आता येतो. डीसल्फोव्हिब्रिओ व्हल्गॅरिस या जिवाणूचा पूर्ण जीनोम 2004 मध्ये प्रसिद्ध झाला, साधारण 36 लाख अक्षरांचा. पुढचं काम आपल्या डीबगिंगसारखं: एक ओळ बंद करा, काय बिघडतं बघा. इथे ओळ म्हणजे जीन. त्यासाठी ‘यूपीपी’ नावाचा जीन कामाला येतो. तो ज्याच्याकडे असतो तो जिवाणू फ्लुओरोयुरासिल या औषधाने मरतो. म्हणून आधी मूळ यूपीपी काढून टाकतात. मग जो जीन उडवायचा, त्याच्या शेजारी यूपीपी असलेला डीएनएचा तुकडा तात्पुरता घुसवतात. शेवटी औषध देतात. जगतात ते फक्त तो तुकडा बाहेर फेकलेले, आणि त्यातल्या काहींमधून नको असलेला जीनही गेलेला असतो.

नीट बघा, ही बायरिंक यांचीच युक्ती आहे. शोधत बसू नका, हवा तोच जगेल अशी परिस्थिती तयार करा. त्यांनी ती जिवाणू निवडायला वापरली, आज तीच जीन उडवलेला जिवाणू निवडायला वापरतात.