पडद्यावरचे खलनायक, पडद्यामागचा आधार : बाबूराव पेंढारकर

आपल्या बुऱ्हाणपुरात सिनेमाच्या गप्पा निघाल्या की गाडी हमखास खंडव्याला जाते. अशोककुमार, किशोरकुमार हे आपल्याला घरचेच वाटतात. पण आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला मराठी आणि हिंदी, दोन्ही पडद्यांवर भेटलेला आणखी एक माणूस आज जवळजवळ विस्मरणात गेला आहे. ते म्हणजे बाबूराव पेंढारकर. नव्या पिढीला त्यांची ओळख व्हावी म्हणून हा लेख.

बाबूरावांचा जन्म 1896 सालचा, कोल्हापूरचा. घरच असे की तिथून निम्मा मराठी चित्रपट उभा राहिला. भालजी पेंढारकर आणि मास्टर विनायक हे त्यांचे धाकटे भाऊ, तर व्ही. शांताराम हे मावसभाऊ. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तेव्हा बाबूराव पेंढारकर तिथे व्यवस्थापक होते. 1920 च्या सुमारास त्यांनीच तरुण शांतारामांना या कंपनीत आणले. पुढे जगभर गाजलेल्या त्या दिग्दर्शकाला पहिले दार उघडून दिले ते या भावाने. मूकपटांच्याच काळात भालजींच्या जोडीने त्यांनी ‘वंदे मातरम् आश्रम’ हा चित्रपट काढला. विषय राष्ट्रीय शिक्षणाचा असल्याने इंग्रजी सेन्सॉरशी सामना करावा लागला.

1929 साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. बाबूराव तिथेही व्यवस्थेचा भार सांभाळत आणि वेळ आली की तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभे राहत. 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट पडद्यावर आला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गाबाई खोटे तारामती. बाजारात विकल्या गेलेल्या तारामतीवर वाईट नजर ठेवणारा गंगानाथ रंगवला तो बाबूरावांनी. म्हणजे मराठी बोलपटाच्या पहिल्याच पावलाला खलनायक म्हणून तेच उभे होते. हा चित्रपट हिंदीतही निघाला.

त्या काळी खलनायक म्हटला की नाटकातला दुष्ट डोळ्यांसमोर येई. गडगडाटी हसणे, गरगर फिरणारे डोळे, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारी आरोळी. बोलपटात याची गरज उरली नव्हती. मायक्रोफोन हळू बोललेलेही टिपत होता आणि कॅमेरा भुवईची हालचालसुद्धा दाखवत होता. बाबूरावांनी हे लवकर ओळखले. त्यांचा खलनायक नीटनेटका, बोलायला गोड, चारचौघांत शोभणारा असे. असा माणूस आपल्या ओळखीतही असू शकतो, ही शंका प्रेक्षकाच्या मनात राही. राक्षसापेक्षा अशा माणसाची भीती जास्त वाटते.

प्रभात पुण्याला गेली तेव्हा बाबूराव कोल्हापुरातच राहिले आणि कोल्हापूर सिनेटोनच्या कामात पडले. 1936 मध्ये मास्टर विनायक आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासह त्यांनी हंस पिक्चर्स काढली. ‘छाया’च्या निमित्ताने वि. स. खांडेकर पटकथालेखक झाले. 1938 मध्ये आचार्य अत्रे यांच्या लेखणीतून उतरलेला ‘ब्रह्मचारी’ तुफान चालला. त्याच साली हंसने ‘ज्वाला’ हा मोठ्या खर्चाचा चित्रपट काढला. नायक होते चंद्रमोहन, आपल्याच मध्य प्रदेशातील नरसिंहपूरचे, भेदक डोळ्यांचे नट. पण ‘ज्वाला’ पडला आणि कंपनीला मोठा फटका बसला. पुढे हंस मिटली आणि ‘नवयुग’चा डाव मांडला गेला. एक कंपनी मोडली की दुसरी उभी करायची, माणसे जमवायची, हा बाबूरावांचा जन्मभराचा उद्योग झाला. नाव दिग्दर्शकाचे आणि नायकाचे होई. घर चालवणाऱ्या मोठ्या भावाकडे कोण बघतो?

शांतारामांशी मात्र नाते तुटले नाही. 1946 च्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’मध्ये सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची कथा आहे. त्यात बाबूराव चिनी सेनापती जनरल फाँग झाले. कोल्हापूरचा हा नट चिनी गणवेशात खोटा वाटत नाही, हेच त्यांचे यश.

पण त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी परीक्षा 1954 साली आली. आचार्य अत्रे ‘महात्मा फुले’ काढत होते. जोतिबांची भूमिका त्यांनी दिली ती बाबूरावांना! ज्या चेहऱ्याला लोकांनी वर्षानुवर्षे शिव्याशाप दिले, तोच चेहरा आता मुलींसाठी शाळा काढणाऱ्या, शेण-दगड सोसणाऱ्या महापुरुषाचा होणार होता. शिवाय वयाची साठी जवळ आलेली. प्रेक्षक हसले असते तर चित्रपट बुडाला असताच, विषयाचाही अपमान झाला असता. बाबूरावांनी भूमिका पेलली. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. दुष्टपणा बारकाईने रंगवणाऱ्याला चांगुलपणाही तितकाच खरा दाखवता येतो, हे त्यांनी सिद्ध केले.

1957 च्या ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये ते तुरुंगाचे अधीक्षक आहेत. कैद्यांवर विश्वास टाकू पाहणाऱ्या तरुण जेलरसमोर व्यवस्थेची बाजू मांडणारा हा वरिष्ठ. हा माणूस वाईट नाही, अनुभवाने सावध झालेला आहे. हा फरक बाबूराव फार थोड्या शब्दांत दाखवतात.

‘चित्र आणि चरित्र’ या नावाने त्यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. मराठी चित्रपट कसा घडला हे आतून पाहणाऱ्याने सांगितलेली ही हकिगत आहे. नोव्हेंबर 1967 मध्ये बाबूराव गेले.

एखाद्या रविवारी मुला-नातवंडांना घेऊन ‘दो आँखें बारह हाथ’ जरूर पाहा. हिंदी असल्यामुळे आपल्याकडच्या मुलांना भाषेची अडचण येणार नाही. जेलर तर सगळे बघतातच, पण त्या अधीक्षकाकडेही लक्ष द्या आणि मुलांना सांगा, शांतारामांना चित्रपटाच्या दारात आणून उभे केले ते याच माणसाने.