वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन (१५ मार्च १८६०, ओडेसा – २६ ऑक्टोबर १९३०, लोझान) हे सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ होते. पटकी (कॉलरा) आणि प्लेग या दोन जीवाणुजन्य रोगांवरील लसी त्यांनी तयार केल्या आणि भारतात त्यांचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. दोन्ही लसींची पहिली चाचणी त्यांनी स्वतःच्या शरीरावर घेतली. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे. १९०२ मध्ये पंजाबातील एका गावी लसीकरणानंतर झालेल्या मृत्यूंचा ठपका त्यांच्या प्रयोगशाळेवर आला. त्यातून निर्दोष ठरण्यासाठी त्यांना पाच वर्षे वाट पाहावी लागली.

जन्म आणि शिक्षण

हाफकिन यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांनी नैसर्गिक विज्ञानांचे शिक्षण घेतले. रोगप्रतिकारशास्त्राचे एक प्रवर्तक इल्या मेच्निकॉव्ह हे तेथे त्यांचे गुरू होते. त्या काळात रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होत असत. त्यांपासून बचावासाठी स्थापन झालेल्या स्वसंरक्षक गटात तरुण हाफकिन सामील झाले. त्यांना अटकही झाली, परंतु मेच्निकॉव्ह यांच्या मध्यस्थीमुळे त्यांची सुटका झाली. धर्मांतर केल्यास अध्यापकाचे पद मिळण्याची शक्यता होती, ती त्यांनी नाकारली आणि ओडेसातील प्राणिविज्ञान संग्रहालयात काम केले.

१८८८ मध्ये त्यांनी रशिया सोडली. काही काळ जिनिव्हात अध्यापन करून १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. मेच्निकॉव्ह तोवर तेथे रुजू झाले होते. संशोधकाची जागा रिकामी नसल्याने हाफकिन यांनी आरंभी ग्रंथपालाचे काम पत्करले आणि उरलेल्या वेळात प्रयोग केले. हाफकिन वैद्यकाचे पदवीधर नव्हते, ते प्राणिवैज्ञानिक होते. पुढे भारतातील सरकारी वैद्यकीय सेवेतील अधिकाऱ्यांकडून त्यांना जो विरोध झाला, त्यामागे हेही एक कारण होते.

पटकीवरील लस

पटकीचा जंतू गिनीपिगच्या शरीरातून वारंवार संक्रमित केला की त्याची तीव्रता वाढते, तर उबदार व हवेशीर स्थितीत वाढविल्यास ती घटते, या निरीक्षणावर हाफकिन यांची पद्धत आधारलेली होती. प्रथम क्षीण जंतूंची व काही दिवसांनी तीव्र जंतूंची, अशा दोन सुया देण्यात येत. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, परंतु अन्य अपाय झाला नाही. त्यानंतर त्यांच्या काही रशियन मित्रांनीही ती घेतली.

लसीची खरी परीक्षा पटकीची साथ असलेल्या प्रदेशातच होऊ शकत होती. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत आणि भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या साहाय्याने हाफकिन मार्च १८९३ मध्ये कलकत्त्यास आले. लोकांच्या मनात सुईविषयी भीती होती. ती घालविण्यासाठी त्यांनी व त्यांच्या सोबतच्या भारतीय डॉक्टरांनी लोकांसमोर स्वतःला लस टोचून घेतली. मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याच्या कट्टल बागान या वस्तीत पटकी उद्भवली. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर त्या वस्तीत पटकीचे १० रुग्ण आढळले व ७ जण दगावले. हे सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. पहिल्या अडीच वर्षांत हाफकिन यांनी सुमारे ४२,००० लोकांना लस दिली. हिवतापाने प्रकृती ढासळल्याने १८९५ मध्ये ते युरोपात परतले आणि पुढील वर्षी पुन्हा भारतात आले.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले. प्लेगच्या जंतूचा शोध अलेक्झांडर येर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये १८९४ सालीच लावला होता, परंतु त्यावर उपाय उपलब्ध नव्हता. सल्फा औषधे व प्रतिजैविके यांचा शोध लागण्यास अद्याप अनेक दशके अवकाश होता. हजारो लोक मुंबई सोडून गावोगावी गेले आणि साथ महाराष्ट्रभर पसरली.

ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारने हाफकिन यांना मुंबईस पाठविले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व तिच्यालगतचा बोळ हीच त्यांची प्रयोगशाळा होती. एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच कर्मचारिवर्ग त्यांना मिळाला. मांसाच्या रसात जंतू वाढविताना त्यांनी त्या रसावर तुपाचे थेंब सोडले. तुपाच्या तवंगाला धरून जंतू खाली लोंबत वाढतात व त्यामुळे त्यांचे पीक भरघोस येते, असे त्यांना आढळले होते. हिंदू व मुसलमान दोघांच्याही भावना दुखावू नयेत म्हणून मांस बकऱ्याचे वापरण्यात येई. वाढलेले जंतू उष्णतेने मारून त्यात अल्प प्रमाणात कार्बॉलिक आम्ल मिसळले जाई. पटकीच्या लसीत जंतू जिवंत असत. प्लेगच्या लसीत मात्र ते मृत होते.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. मात्रा नेहमीच्या मात्रेपेक्षा बरीच मोठी होती. ताप व वेदना सोसूनही त्यांनी काम थांबविले नाही. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. लस न घेतलेल्या कैद्यांच्या तुलनेत त्यांच्यात रोगाचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले.

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंधेरा या गावी याहून काटेकोर परीक्षा झाली. प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या व्यक्तींना लस देण्यात आली व उरलेल्यांना दिली नाही. त्यामुळे घर, अन्न व राहणी सारखीच राहून फरक केवळ लसीचा उरला. पुढे ज्या कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांतील लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले व २६ दगावले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ दगावले. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, परंतु मृत्यूचे प्रमाण तिने फार खाली आणले.

लोकमत आणि लसीकरण

प्लेगच्या निवारणासाठी सरकारने १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. त्यान्वये घरांची झडती, सामानाची जाळपोळ आणि रुग्णांचे सक्तीने स्थलांतर सुरू झाले. पुण्यात या जुलमाविरुद्ध उसळलेल्या संतापातून जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. सरकारी उपायांविषयीच्या अविश्वासाची झळ लसीलाही बसली. हाफकिन स्वतः सक्तीपेक्षा लोकांच्या संमतीवर भर देणारे होते. अशा वेळी तिसरे आगा खान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली. त्यांच्या अनुयायांपैकी हजारो लोकांनी त्यांचे अनुकरण केले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली खुश्रू लॉज ही वास्तूही उपलब्ध करून दिली.

साथीची तीव्रता महाराष्ट्रातील अनेक घरांनी अनुभवली. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली आणि मार्च १८९७ मध्ये त्यांचे निधन झाले. नाशिक जिल्ह्यातील भगूर येथे १८९९ मध्ये विनायक दामोदर सावरकर यांचे वडील प्लेगने मृत्यू पावले. त्यानंतर हे कुटुंब नाशिक शहरात राहावयास आले.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. हाफकिन तिचे प्रमुख झाले.

मुल्कोवाल दुर्घटना

१९०२ मध्ये पंजाबात व्यापक लसीकरणाची मोहीम आखण्यात आली. लसीची मागणी एकाएकी वाढल्याने हाफकिन यांनी तिच्या निर्मितीची अधिक जलद पद्धत स्वीकारली. तीत कार्बॉलिक आम्ल वगळून निर्जंतुकीकरणासाठी केवळ उष्णतेवर भिस्त ठेवलेली होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल (सध्या पाकिस्तानात) या गावी १०७ जणांना लस देण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना काही दिवसांतच धनुर्वात झाला. ते सर्वच्या सर्व दगावले. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने बाटलीतील दोष परळ येथेच उद्भवल्याचा निष्कर्ष काढला. कार्बॉलिक आम्ल वगळण्याचा निर्णयही हाफकिन यांच्याविरुद्ध गेला. त्यांना प्रमुखपदावरून दूर करण्यात आले व ते इंग्लंडला गेले.

चौकशीच्या कागदपत्रांत मात्र एक निराळी नोंद होती. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा त्या दिवशी जमिनीवर पडला होता आणि तो योग्य रीतीने निर्जंतुक न करताच पुन्हा वापरण्यात आला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत विपुल असतात. बाटली परळ येथे भरल्यानंतर ४१ दिवसांनी उघडली गेली. जंतू आरंभापासूनच तीत असते, तर त्या अवधीत त्यांची वाढ होऊन दुर्गंधी आली असती. परंतु बाटली उघडताना तशी दुर्गंधी आढळली नव्हती.

हे कागदपत्र प्रकाशात आल्यावर विल्यम सिम्पसन, रोनाल्ड रॉस आणि अन्य शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू घेतली. हिवतापावरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळविलेल्या रॉस यांनी लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रातून हा प्रश्न सातत्याने मांडला. २९ जुलै १९०७ रोजी दहा शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र त्या पत्रात प्रसिद्ध झाले. फ्रान्समधील ड्रायफस प्रकरणाशी या प्रकरणाची तुलना होऊ लागली. अखेर नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले.

उत्तरायुष्य

दोषमुक्तीनंतर हाफकिन भारतात परतले, परंतु परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. कलकत्त्यात त्यांची नेमणूक झाली. तेथे त्यांचे काम प्रयोगशाळेतील संशोधनापुरते मर्यादित राहिले व नव्या लसींच्या चाचण्यांना परवानगी मिळाली नाही. वयाच्या ५५ व्या वर्षी निवृत्त होऊन ते युरोपात गेले. ते अविवाहित होते. उत्तरायुष्यात ते धर्मपरायण झाले. पूर्व युरोपातील ज्यू धार्मिक शिक्षणसंस्थांच्या साहाय्यासाठी त्यांनी आपली संपत्ती देऊन एक न्यास स्थापन केला. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

परळच्या प्रयोगशाळेचे नाव १९०६ मध्ये मुंबई जीवाणुशास्त्र प्रयोगशाळा असे झाले आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. या नामकरणाच्या वेळी हाफकिन हयात होते. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा पाठविल्या गेल्या. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

विसाव्या शतकाच्या मध्यास स्ट्रेप्टोमायसिन व अन्य प्रतिजैविके आल्यावर प्लेग बरा करणे शक्य झाले आणि लसीचा वापर मागे पडला. तथापि १९९५ मध्ये मादागास्करमधील एका रुग्णात अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारा प्लेगचा जंतू आढळला. प्रतिजैविकरोधाच्या वाढत्या प्रश्नामुळे रोग होण्यापूर्वीच त्याला अटकाव करण्याचे महत्त्व पुन्हा अधोरेखित झाले आहे.

मुल्कोवाल येथे ज्या जंतूने १९ बळी घेतले, तोच जंतू अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यास नवजात बालकाच्या शरीरात शिरतो. मातांचे लसीकरण आणि प्रसूतीच्या वेळची स्वच्छता यांमुळे भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर करण्यात आले.